खाकी वर्दीने फेडलेले समाजऋण

दरवर्षी मे महिना संपता संपता पोलीस दलातील अनेक अधिकारी सेवानिवृत्त होतात. शाल, पुष्पगुच्छ, सन्मानचिन्ह आणि भाषणांतून दीर्घ सेवेचा गौरव होतो. या सत्काराला आमचा विरोध नाही. पण समाज म्हणून आमचा प्रश्न वेगळा आहे. तीस-पस्तीस वर्षे या माणसाने जी अधिकाराची खुर्ची भूषविली, तिचा वस्तीतल्या शेवटच्या माणसाला काय उपयोग झाला?

हा प्रश्न विचारण्याचा आम्हाला हक्क आहे. अत्याचारग्रस्त कुटुंब पोलीस ठाण्याची पायरी चढते, तेव्हा फिर्याद नोंदवली जाईल की नाही येथूनच त्याची लढाई सुरू होते. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा सांगणारे चौथे कलम घालावे लागले, यातच सारे आले! म्हणूनच त्याच खात्यातला एखादा अधिकारी आपले अधिकारपद समाजासाठी झिजवतो, तेव्हा आंबेडकरी चळवळीने त्याची नोंद घेतलीच पाहिजे.

तेलंगणाचे डॉ. आर. एस. प्रवीण कुमार हे असे अधिकारी. १९९५ च्या तुकडीचे आयपीएस. सुमारे नऊ वर्षे त्यांनी समाजकल्याण निवासी शिक्षणसंस्थांचे सचिवपद सांभाळले. पोलीस खात्यात अशा जागेला कुणी मानाची जागा म्हणत नाही. पण या अधिकाऱ्याने तिथेच आपली कर्तबगारी दाखवली. २५ मे २०१४ रोजी त्यांच्या संस्थांमधील मालावत पूर्णा आणि आनंद कुमार या विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. पूर्णा शेतमजूर आदिवासी आईबापांची लेक, वय अवघे तेरा. आनंद सायकल दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा. मुलींसाठी निवासी पदवी महाविद्यालयेही या काळात उभी राहिली. हिणवणाऱ्या जातिवाचक नावांऐवजी मुलांनी स्वतःला ‘स्वेरो’ म्हणवून घ्यावे, आकाश हीच आपली मर्यादा मानावी, हा स्वाभिमान त्यांनी रुजवला.

जुलै २०२१ मध्ये, अतिरिक्त पोलीस महासंचालक दर्जाच्या पदावर असताना, सेवेची काही वर्षे शिल्लक ठेवून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या पत्रात त्यांनी महात्मा फुले, बाबासाहेब आणि कांशीराम यांच्या मार्गाने जाण्याचा मनोदय व्यक्त केला. पुढे ते बसपात आणि २०२४ मध्ये भारत राष्ट्र समितीत गेले. त्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. पण सव्वीस वर्षांच्या सेवेचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

मात्र केवळ गौरव करून थांबणे हा भाबडेपणा ठरेल. संविधानाचे अनुच्छेद ४६ दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची काळजी घेण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे. अनुच्छेद ३७ नुसार न्यायालयामार्फत त्याची थेट अंमलबजावणी करून घेता येत नाही. म्हणजे ते अधिकाऱ्याच्या इच्छाशक्तीवर चालते. चांगला अधिकारी असला की चालते, तो गेला की लंगडते. २०२४ मध्ये त्याच तेलंगणात शासकीय निवासी शाळांमधून अन्नविषबाधेच्या बातम्या आल्या. एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली व्यवस्था किती काळ टिकणार?

आपल्या महाराष्ट्रातही अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी शासकीय निवासी शाळा आहेत, वसतिगृहे आहेत. तिथले जेवण कसे आहे, ग्रंथालय उघडते का, मुलींची सुरक्षा कोण पाहतो, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकल्यासवरल्या नोकरदार वर्गाविषयी व्यक्त केलेली खंत आपण दरवर्षी भाषणात सांगतो. ती खंत दूर करण्याची संधी निवृत्तीनंतर खऱ्या अर्थाने मिळते, कारण तेव्हा ना बदलीची भीती असते, ना वरिष्ठांच्या नाराजीची.

म्हणून समाजातील निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना आमचे नम्र आवाहन आहे. आपण महिन्यातून एक दिवस जवळच्या वसतिगृहाला द्या. फिर्यादीत कोणता तपशील सुटला की आरोपी सुटतो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? ते ज्ञान पीडित कुटुंबाच्या शेजारी बसून वापरा. आणि कार्यकर्त्यांनी सत्काराच्या मंचावरूनच त्यांच्यावर ही जबाबदारी सोपवावी. शाल कपाटात जाते. वसतिगृहातली मुलगी अधिकारी होऊन बाहेर पडते, तोच त्या खाकी वर्दीचा खरा सन्मान!

जयभीम!