मुकादमाची वही : नष्ट झालेले हिशेब आणि प्राप्तिकराचा परतावा

मराठीतील ‘पावती’ आणि फारसीतून आलेला ‘रसीद’ या दोन शब्दांत एक लक्षणीय साम्य आहे. पहिला ‘पावणे’ या क्रियापदापासून साधलेला, तर दुसऱ्याचा मूळ अर्थ ‘पोहोचले’. दोहोंचे सांगणे एकच : द्रव्य ज्याचे त्यास पोहोचले. परंतु द्रव्य खरोखर पोहोचूनही तसे सांगणारा कागद उरला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने काय होते? या प्रश्नाचा विचार धाराशिव जिल्ह्यातील एका परिचित व्यवसायाच्या आधारे करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडणीच्या टोळ्या परजिल्ह्यांतील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. टोळी जमविणारा मुकादम हा कोणाचा पगारी नोकर नसून स्वतंत्र व्यवसायी असतो. त्याच्या नावे जमा होणाऱ्या देयकावर १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम १९४-सी अन्वये, तो व्यक्ती असल्यास, शेकडा १ या दराने उगमस्थानी करकपात होते. ही कपात एकूण रकमेवर होते, नफ्यावर नव्हे. रकमेचा मोठा भाग मजुरांकडे जात असल्याने कापलेला कर पुष्कळदा देय करापेक्षा अधिक भरतो. हा अधिक भाग मुकादमाचाच पैसा होय. तो परत मिळविण्यासाठी मात्र खर्च दाखवावा लागतो, आणि खर्चाचा पुरावा असलेली वही फडावरच्या पालात भिजलेली वा हरवलेली असते.

वही सापडली तरी अडचण संपत नाही, कारण तिची भाषा व कायद्याची भाषा भिन्न आहेत. वहीतील ‘उचल’ हा एकच शब्द तीन अर्थ वाहतो. हंगामापूर्वी मजुराला दिलेली उचल हे मुकादमाचे येणे असते, खर्च नव्हे. कामातून फिटलेली उचल ही मजुरी, म्हणून खर्च होय. मजूर कामावर न आल्याने बुडालेली उचल ही व्यावसायिक हानी होय, व तिची मागणी वेगळ्या आधारावर करावी लागते. बोलीत हा भेद संदर्भाने कळतो. विवरणपत्रात तो शब्दांनी दाखवावा लागतो. शिवाय एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिले असता तो खर्च, काही अपवाद वगळता, कलम ४०-ए (३) खाली अमान्य होतो.

या अडचणीतून कायद्यानेच एक वाट ठेविली आहे. कलम ४४-एडी नुसार २ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यवसायाचा नफा उलाढालीच्या शेकडा ८, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेपुरता शेकडा ६, असा गृहीत धरता येतो. मग खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. समजा, बँकेतून १२ लाख रुपये आले व १२,००० रुपये कर कापला गेला. गृहीत नफा ७२,००० रुपये होतो. अन्य उत्पन्न नसल्यास तो करमुक्त मर्यादेच्या आत राहतो आणि सर्व १२,००० रुपये परताव्यास पात्र ठरतात. मात्र हीच तरतूद ‘कमिशन’ स्वरूपाच्या उत्पन्नास लागू नाही. मजूर पुरविण्याचा ठेका आणि त्यावरील कमिशन यांतील सीमारेषा कराराच्या शब्दयोजनेवर व प्रत्यक्ष व्यवहारावर ठरत असल्याने, कराराचा कागद काळजीपूर्वक वाचणे अगत्याचे आहे.

ज्यांना ही वाट मोकळी नाही त्यांनी हिशेबाची पुनर्रचना करावी. कपातीचा दाखला २६-एएस या विवरणात मिळतो व जमेचा बँकेच्या उताऱ्यात. तोडलेल्या उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर नोंदलेले असते, आणि तोडणीचा प्रतिटन दर कारखान्यांचा संघ व मजूर संघटना यांच्या करारातून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली. वजनास दराने गुणले असता मजुरीचा अंदाज वहीवाचूनही निघतो. ही पद्धत प्रामाणिक असेल तरच उपयोगी. मागाहून रचलेली वही हा पुरावा नसून अपराध होय.

अशा अंदाजाला न्यायपरंपरेचा आधार आहे. अकोल्याच्या बद्रीदास रामराय या पेढीच्या प्रकरणात प्रीव्ही कौन्सिलने १९३७ साली असे तत्त्व सांगितले, की अधिकाऱ्याने स्वमतीने आकारणी करताना सूडबुद्धीने वा लहरीने वागता कामा नये; स्थानिक माहिती व पूर्वीची विवरणे ध्यानात घेऊन प्रामाणिक अंदाज बांधावा. १९५४ मध्ये ढाकेश्वरी कॉटन मिल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याचा मुळीच आधार नसलेली आकारणी अग्राह्य ठरविली. अंदाज निषिद्ध नाही, निराधार अंदाज निषिद्ध आहे, असा याचा मथितार्थ.

कालमर्यादेचा विसर मात्र पडू देऊ नये. मुदत टळल्यावरही विलंबित विवरणपत्र आकारणी वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. त्यानंतरच्या ‘अद्ययावत’ विवरणपत्राने परतावा मागता येत नाही. विलंब माफ करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने त्याची मर्यादा आकारणी वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे ठरविली. संसदेने २०२५ साली संमत केलेल्या नव्या अधिनियमाच्या अंमलाचा दिनांक १ एप्रिल २०२६ हा असल्याने, वरील कलमांचे क्रमांक त्यापूर्वीच्या वर्षांना अनुलक्षून समजावेत.

भाषेच्या अभ्यासकास या विषयात एक कर्तव्यही दिसते. ज्याच्या तोंडी ‘उचल’ हा एकच शब्द आहे त्याच्याकडून कायदा तीन शब्दांची अपेक्षा करतो. मुकादमाच्या वहीत ‘दिली’, ‘फिटली’ व ‘बुडाली’ असे तीन रकाने पडले, तरी त्याच्या हक्काचा पैसा त्यास पावण्याची पुष्कळशी सोय होईल.