एक धैवत, दोन सोबती

अंबरनाथला आमच्याकडे एकादशीच्या भजनात पेटी असते, पखवाज असतो, टाळ असतात. अलीकडे मोबाइलवरचा तानपुराही लावून ठेवतात. टाळ थांबले आणि पेटीवाल्याने तार सप्तकातला गंधार नुसता धरून ठेवला, की त्या स्वराला बारीक थरथर सुटते. पेटी बिघडलेली नसते, भाताही नीट चाललेला असतो. उल्हासनगरच्या सिंधी टिकाण्यांतल्या, म्हणजे प्रार्थनास्थळांतल्या, कीर्तनात किंवा बदलापूरच्या एखाद्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजतो, तिथेही हेच घडतं. ही थरथर मोजता येते, आणि मोजायला लागलं की स्वरशास्त्रातली एक फार जुनी गाठ हाताला लागते.

गंधार का थरथरतो

हिशेबाच्या सोयीसाठी मध्य षड्ज 240 कंपनांचा धरू. तानपुऱ्याची खर्जाची तार मग 120 वर लागते. तिच्यातून 120 बरोबर 240, 360, 480, 600 असे उपस्वरही निघतात. तिची जवारी, म्हणजे घोडीवरून उठणारी झणकार, चांगली असेल तर पाचवा, म्हणजे 600 चा, अगदी स्पष्ट ऐकू येतो. तोच तानपुऱ्यात आपोआप उमटणारा गंधार.

पेटीचं सप्तक मात्र बारा समान पायऱ्यांत कापलेलं असतं. शंभर सेंटची एक पायरी, बाराशे सेंटचं सप्तक. त्या हिशेबाने तार गंधार येतो 604.8 वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच विस्पंद पडतात. ती आपली थरथर.

रे-म-ध ची गाठ

मग पेटीवाल्याने गंधार तेवढा उतरवून घ्यावा की. सूर लावणारे कारागीर हे रोजच करतात: रीडच्या टोकाला कानशीने हलकेच घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एकेका स्वराचा प्रश्न अशाने सुटेलही. पण दोन-तीन स्वर एकत्र वाजवले, कॉर्ड धरली, की कानस हरते.

रे, म आणि ध घ्या. पंचमापासून मोजलेला रिषभ 270 वर, मध्यम 320 वर. आता धैवत कुठे लावायचा? मध्यमाशी गोड लागायचा तर तो मध्यमाच्या सव्वापट हवा, म्हणजे 400. रिषभाशी जुळायचा तर दीडपट हवा, म्हणजे 405. धैवत 400 वर ठेवला तर रे-ध मध्ये सेकंदाला दहा विस्पंद पडतात; 405 वर ठेवला तर म-ध मध्ये वीस. दोन्ही सोबत्यांना पसंत पडेल असा धैवत शुद्ध गुणोत्तरांत सापडतच नाही. फरक 81 ला 80 एवढाच, साधारण साडेएकवीस सेंट. पण कान तो सोडत नाही.

टेम्पर केलेली कॉर्ड

युरोपीय संगीताने यावर तडजोड शोधली: सूर टेम्पर करायचे. ही साडेएकवीस सेंटची फट सगळ्या पंचमांत थोडीथोडी मुरवून टाकायची, म्हणजे दोन धैवतांचा एकच होतो. आपल्या पेटीवर तो 403.6 वर आहे. तिथे रे-ध मध्ये सेकंदाला जेमतेम एक विस्पंद उरतो, म-ध मध्ये मात्र तेरा. म्हणजे रिषभाचं बरंचसं ऐकलं, मध्यमाचं थोडं.

सूक्ष्मस्वरांच्या सिद्धांतात अशा कॉर्डला वेगळं स्थान आहे, कारण ती टेम्पर केल्यावरच जुळते. तडजोड काढून घेतली तर तिची एक तरी जोडी कुरकुरते. तडजोडीचे प्रकारही अनेक. सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी 31 समान भागांच्या सप्तकाचा हिशेब मांडला. त्यात गंधार जवळजवळ शुद्ध राहतो आणि पंचम पाचेक सेंट उतरतो.

मग आपल्या शास्त्राने सप्तकात मानलेल्या बावीस श्रुतींचे, म्हणजे सूक्ष्म स्वरांतरांचे, बावीस समान भाग का नकोत, असं कुणालाही वाटेल. बॉसँकेट या इंग्रज अभ्यासकाने 1877 मध्ये हा विचार तपासला होता. पण तेरा समान श्रुतींवर पंचम 709 सेंटवर जातो, शुद्ध पंचमापेक्षा सात सेंट चढा. तानपुऱ्यासमोर असा पंचम मला तरी सोसवत नाही.

भरताचा पंचम

नाट्यशास्त्रात हीच गाठ पंचमाच्या रूपाने येते. भरताच्या मते नऊ किंवा तेरा श्रुतींवरचे स्वर एकमेकांचे संवादी. त्याच्या दोन ग्रामांपैकी, म्हणजे स्वररचनांपैकी, षड्जग्रामात सा-प मध्ये तेरा श्रुती आहेत, पण रे-प मध्ये दहा, म्हणून रे-प जुळत नाहीत. मध्यमग्रामात पंचम एक श्रुती उतरतो. लगेच रे-प नऊ होतात आणि जुळतात, सा-प तुटतात. उतरलेल्या या एका श्रुतीला भरताने प्रमाणश्रुती म्हटलं. दोन वीणा घेऊन, एक अचल ठेवून दुसरीचा पंचम उतरवत जाण्याचा प्रयोगही सांगितला. फट बुजवण्याऐवजी त्याने दोन ग्राम मानले. मला हे फार मोठं वाटतं.

सांगलीचे देवल, ठाण्याचे ओक

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आय.सी.एस. अधिकारी क्लेमंट्स यांच्या साथीने त्यांनी श्रुतींची पेटीही घडवून घेतली. 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ती मांडली गेली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना काही ती पटली नाही. पुढे 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. पेटीतून मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर अखंड घसरणं, निघत नाही ही तक्रार होतीच, समान पायऱ्यांचे स्वर ही दुसरी.

आपल्या शेजारच्या ठाण्यात डॉ. विद्याधर ओक यांनी हा धागा पुन्हा हाती घेतला. त्यांच्या पेटीत सा आणि प अचल, बाकीच्या दहा स्वरांची प्रत्येकी दोन रूपं: दहा दुणे वीस आणि दोन, बावीस. खुंटी ओढून हवं ते रूप निवडायचं. दोन्ही धैवत एकाच पेटीत नांदतात. एकल गायनाच्या साथीला मला हाच मार्ग खरा वाटतो.

कीबोर्डवर करून पाहा

पुष्कळ कीबोर्डांत प्रत्येक पट्टी काही सेंट चढवण्या-उतरवण्याची सोय असते. तिला स्केल ट्यूनिंग म्हणतात. गंधार 14 आणि धैवत 16 सेंट उतरवा, तानपुरा लावा आणि भूप राग आळवा. थरथर जाते, स्वर तानपुऱ्यात विरघळतात. आता रे-म-ध एकत्र दाबा: रे-ध कुरकुरतात. मग रिषभही 18 सेंट उतरवा, कॉर्ड गोड होते. तेवढ्यात प-नी-रे धरून पाहा. प आणि रे यांचं बिनसलेलं असतं.