अंगात रगत नाही

किल्लारीच्या परिसरातील आमच्या वस्त्यांत घागर उचलताना बाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, की 'अंगात रगत नाही' एवढ्यावर बोलणे संपते. हे निदान बहुधा बरोबरच असते. चुकते ते पुढे. 'बाईमाणसाला हे असायचंच' असे म्हणून एक बरा होणारा रोग तिच्या नशिबात जमा केला जातो. आपले दारिद्र्यही पिढ्यान्‌पिढ्या असेच नशिबात जमा केले गेले होते, म्हणून या समजुतीची चिकित्सा मला निकडीची वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींना रक्तक्षय आढळला; २०१५-१६ च्या पाहणीत त्या ४८ होत्या. एवढ्या बायकांचे नशीब एकाच वेळी कसे काय फुटते?

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू अंगभर पोचवते आणि ते बनायला लोह लागते. शंभर मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅम असावे, गरोदरपणी निदान ११. (आपल्याकडे या ग्रॅमलाच 'टक्के' म्हणतात.) पाळीत आणि बाळंतपणात लोह जाते, अनवाणी पायांतून शिरणारे कृमी आतड्यात रक्त पितात. हे भरून निघावे कशाने? ज्वारीत लोह आहे, पण धान्यातील फायटेट ते सहजी सुटू देत नाही. काळीज, रक्ती, मांस यांतील लोह मात्र शरीर चटकन घेते. ज्या खाण्यावर गावाने नाक मुरडले, त्यातच ते होते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातील या स्वयंपाकाची नोंद केली आहे. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि स्वस्त मांसाचा एक मार्ग बुजला.

उरते ती गोळी. सरकार १९७० पासून लोहाच्या गोळ्या वाटते. २०१८ पासून हे काम 'ॲनिमियामुक्त भारत' या नावाने चालते. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून गरोदर बाईला रोज एक, बाळंतपणानंतरही १८० दिवस. रक्त कमी भरले तर डॉक्टर दोन सांगतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर मात्र गोळीवर विसंबू नये, दवाखाना गाठावा.

गोळ्या घरात येतात, पोटात जात नाहीत. माझ्या चुलतीने त्या उतरंडीत ठेवून दिल्या होत्या. संडास काळी होते म्हणजे पोरही काळे होणार, हे तिला कोणीतरी सांगितले होते. संडास काळी होते ती न शोषलेल्या लोहाने. पोराच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. (काळ्या रंगाची ही धास्ती आपल्या माणसांत कोणी पेरली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) मळमळ, बद्धकोष्ठ हे त्रास खरे आहेत. ते झाल्यास गोळी सोडू नये, रात्री जेवणानंतर घ्यावी. लोह थोडे कमी शोषले जाईल, पण जाईल. एरवी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घेणे उत्तम. चहाबरोबर मुळीच नको, आणि कॅल्शियमची गोळीही दोन तासांच्या अंतराने. गरोदर बायकांना ही दोन्ही पाकिटे एकाच वेळी हातात मिळतात, पण अंतराचे कोणी बोलत नाही. अलीकडच्या संशोधनात असेही दिसले, की एका मात्रेनंतर यकृतातील हेप्सिडिन हे द्रव्य सुमारे दिवसभर लोहाची वाट अडवते. म्हणून सौम्य रक्तक्षयात काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. गरोदर बाईने हा बदल आपल्या मनाने करू नये.

महिन्याभरात ग्रॅमभर वाढ दिसावी. बरे वाटले की गोळी सुटते, आणि घोटाळा होतो तो इथेच. आकडा भरला तरी साठा रिकामाच असतो. तो भरायला आणखी तीन महिने लागतात. वाढच झाली नाही, तर बी-१२ ची उणीव, सिकलसेल किंवा पाळीतील अतिस्राव यांची तपासणी मागावी. अतिस्रावावर पिशवी काढणे हा पहिला इलाज नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांचे काय झाले ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचले. आणि मजुरीचे पैसे मोडून 'ताकदीची' सलाईन लावून घेणाऱ्यांना सांगायला हवे, की त्या बाटलीत मीठपाणी किंवा साखरपाणी असते, लोह नसते.

लाल गोळ्या लेकरांना खाऊसारख्या दिसतात आणि मूठभर गोळ्यांनी लहान मूल दगावू शकते. त्या उंचावर, झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.