रायफल घेण्यापूर्वी



१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले. आपल्या भागातील पोरांनाही नाद लागला. परवा एक सभासद म्हणाले, "साहेब, खोडव्याच्या खताचे पैसे पोरीच्या रायफलीत घालतो." म्हणून चार शब्द.

सुरुवात १० मीटर एअर रायफलने करावी. छर्रा ४.५ मि.मी., वजनाची मर्यादा साडेपाच किलो. दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मि.मी.! पहिले वर्ष क्लबच्याच रायफलीवर शिकू द्या. नंतर घ्यायचीच तर दस्ता व गालपट्टी कमीजास्त होणारी घ्या. पोर वाढते, माप बदलते. दुर्बीण घेऊ नका, या स्पर्धेत ती चालत नाही.

पुढची .२२ रायफल, तिला परवाना लागतो. तिची गोळी बेण्यासारखी पारखावी. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच नळीतून सारखे जात नाहीत. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक लॉट झाडून पाहावा. ज्याच्या छिद्रांचा झुबका लहान, तो घ्यावा.

त्या सभासदांना मी एवढेच सांगितले: खत आधी टाका. पोरगी वर्षभर टिकली, तर पुढच्या ऊसबिलातून रायफल घ्या.

— ऊस विकास अधिकारी