बॉस, गाडी आउटरला आहे!

बर्डीतल्या ऑफिसात सकाळी सव्वादहाला हमखास येणारा फोन: ‘सर, गाडी आउटरला उभी आहे.’ माझा एक कलीग वर्ध्याहून रोज ‘अपडाऊन’ करतो. नोकरीसाठी रोज ये-जा करायला आपल्या विदर्भात हाच शब्द. आता गंमत बघा. रेल्वेच्या हिशेबात या लाइनवर मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघालेली ‘डाऊन’. चढ-उताराशी काही संबंध नाही. इंग्लंडात लंडनकडची गाडी ‘अप’ म्हणायची रीत, तीच इथे आली. म्हणजे हा पठ्ठ्या सकाळी डाऊन येतो, संध्याकाळी अप जातो. खरं तर तो ‘डाऊनअप’ करतो!

आणि ते ‘आउटर’? जुन्या, हात हलवणाऱ्या सिग्नलांच्या काळातला स्टेशनाबाहेरचा सगळ्यात लांबचा सिग्नल. रंगीत दिव्यांचे सिग्नल आले तिथे आउटर उरलाच नाही. गाडी थांबते ती ‘होम’ सिग्नलला. पण ‘होमला आहे’ म्हणून बघा, बॉस विचारेल, ‘घरीच आहेस का अजून?’

रस्त्यावर सिग्नल लागतो आणि सुटतो. रुळांवर तो ‘पडायचा’. सिग्नलचा हात आडवा म्हणजे थांबा, खाली पडला की निघा. त्यात एक शहाणपण होतं. ओढणारी तार तुटली, तर मागच्या वजनामुळे हात आपोआप आडवा व्हायचा. बिघाड झाला की गाडी थांबलीच पाहिजे.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र ‘गोळा’. बर्फाचा नव्हे, पोलादी! एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून लगतच्या दोन स्टेशनांत विजेच्या तारेने जोडलेली यंत्रं असत. पुढच्या स्टेशनने मंजुरी दिली की यंत्रातून एक गोळा निघायचा. तो बाहेर असेपर्यंत दोन्हीकडे दुसरा निघणं अशक्य. गोळा ड्रायव्हरच्या हाती आला, तरच पुढची लाइन त्याची. न थांबणाऱ्या गाडीला तो वेताच्या कड्याला लावलेल्या चामडी पिशवीतून देत, आणि धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडं झेलायचं. रात्री, पावसातसुद्धा. मागे शेकडो माणसं निवांत झोपलेली आणि त्यांचा जीव या मुठीत मावणाऱ्या गोळ्यात. आपण डेडलाइनला ‘प्रेशर’ म्हणतो!

‘खलाशी’ तर थेट जहाजावरून उतरलेला. दोर ओढणारी, जड सामान हलवणारी माणसं ती. रेल्वेने तसल्याच कामाच्या माणसांना तेच नाव दिलं. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी नागपुरात खलाशी!

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने ‘गार्ड’चा ‘ट्रेन मॅनेजर’ केला. ड्रायव्हर त्याआधीच ‘लोको पायलट’ झाला होता. मध्यंतरी नागपूर स्टेशनवर एका आजीने पांढऱ्या गणवेशातल्या गृहस्थांना विचारलं, ‘गार्डाचा डबा कुठं लागते बाप्पा?’ ट्रेन मॅनेजरसाहेबांनी मुकाट्याने बोट दाखवलं.