नागपुरात हॉटेल घेताना भाड्याआधी पायऱ्या मोजा

वृद्ध आई-वडिलांना घेऊन नागपुरात येणारे बहुतेक जण हॉटेलात आधी भाडे विचारतात. आमच्या मते आधी पायऱ्या विचाराव्यात.

पहिला प्रश्न जागेचा. मेयो रुग्णालयात काम असेल तर स्टेशनजवळचा सेंट्रल अॅव्हेन्यू सोयीचा. एम्स मिहानमध्ये आहे. तेथे जाणाऱ्यांनी वर्धा रोड पाहावा. ताजबागेची जियारत असेल तर उमरेड रोडच्या बाजूला चौकशी करावी. रिक्षाचे पैसे आणि म्हाताऱ्यांची दगदग, दोन्ही वाचतात.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी फोनवर स्पष्ट विचारावे : लिफ्ट रस्त्याच्या पातळीवरून आहे की चार पायऱ्या चढून? वीज गेल्यास ती जनरेटरवर चालते का? कमोड आहे का? न्हाणीघराची फरशी निसरडी तर नाही? मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपुढे जातो; तेव्हा गच्चीखालची खोली नकोच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. दोन हजारांच्या खोलीमागे १४० रुपये वाचतात. ते खालच्या मजल्यावरील खोलीसाठी खर्चावेत.

हॉटेलमालकांनीही हा हिशेब करावा. न्हाणीघरात भिंतीला एक दांडी आणि बसायला एक स्टूल, एवढ्याने म्हातारे निर्धास्त होतात आणि कुटुंब पुन्हा त्याच दारात येते. घसरून हाड मोडले, तर स्वस्त खोलीच सर्वांत महाग पडते.