संत कथबर्टच्या हातातील सोटा

एखादे विशेषनाम मूळ परिसरातून उपटून परक्या परिसरात रोवले असता त्याच्यासोबत अर्थाचा किती अंश जातो, या प्रश्नाच्या चर्चेस उपयुक्त असे एक उदाहरण एका खेळात सापडते.

इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थम्ब्रिया राज्यातील कथबर्ट हा इ. स. ६८५ मध्ये लिंडिसफार्नचा बिशप झाला आणि ६८७ मध्ये फार्न बेटावरील एकांतात निवर्तला. बीडने रचलेल्या चरित्रात तो सौम्य तपस्वी आहे. रात्रभर समुद्रात उभा राहून तो प्रार्थना करतो आणि पहाटे पाणमांजरे आपल्या श्वासाने त्याचे पाय उबवितात.

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. यात खेळणारे एकेका पात्राची भूमिका घेऊन संभाषणाने कथा पुढे नेतात; संशयित प्रसंगी निर्णय फासे देतात. गायगॅक्सने या खेळासाठी रचलेल्या ग्रेहॉक नामक जगात ‘सेंट कथबर्ट’ पुन्हा भेटतो, परंतु देव म्हणून, आणि हाती सोटा घेऊन. २००० सालच्या नियमपुस्तकात तर तो अपराध्यास शासन करणारा देव आहे.

ग्रेहॉकमध्ये ख्रिस्त नाही, तरीही ‘सेंट’ ही उपाधी टिकली, ही गोष्ट विशेष विचारणीय होय. लॅटिन ‘सांक्तुस’ हे कर्मणि धातुसाधित आहे. ‘पवित्र केलेला’ म्हटले की कोणी केला, हा प्रश्न त्यात गर्भित असतो. खेळात तो कर्ता लोपला आणि उपाधी नामाचा निव्वळ अवयव बनली. ‘संत कथबर्ट’ असे मराठीकरण केल्यास मात्र हे वैचित्र्य जाणवतच नाही. आपला ‘संत’ हा ‘अस्’ धातूच्या ‘सत्’, ‘सन्तः’ या रूपांकडून आलेला. ‘सेंट’शी त्याचे ध्वनिसादृश्य केवळ योगायोगाचे. तुकारामांना संत कोणी केले, असे मराठी माणूस विचारीत नाही!

सोट्याचा उलगडा नामाच्या व्युत्पत्तीने होत नाही. प्राचीन इंग्रजीत ‘कूथ’ म्हणजे विख्यात आणि ‘बेओर्ह्त’ म्हणजे तेजस्वी. शस्त्राचा तेथे मागमूस नाही. ‘कथबर्ट’ आणि सोट्याचा इंग्रजी पर्याय ‘कजल’ यांतील अनुप्रास तेवढा कानास जाणवतो. तथापि कोपिष्ट कथबर्ट ही सर्वस्वी आधुनिक कल्पना आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. व्हायकिंगांच्या भयाने ८७५ मध्ये मठवासी त्याचा देह घेऊन बाहेर पडले. पुढे मठाच्या जमिनींचे रक्षण हा जीवनमरणाचा प्रश्न झाला, आणि संताच्या कथाही तदनुसार बदलल्या. ‘हिस्टोरिया दे सांक्तो कुथबेर्तो’ या लॅटिन ग्रंथात जमिनी बळकावून संताची निर्भर्त्सना करणारा ओनलाफबाल्ड चर्चच्या उंबरठ्यावरच खिळतो आणि प्राणास मुकतो. गायगॅक्सने हा ग्रंथ वाचला असेलच, असे नव्हे. परंतु त्याच्या देवाचे पूर्वरूप पाणमांजरांच्या कथेपेक्षा या उंबरठ्याशी शोधणे अधिक सयुक्तिक होय.

डरॅम येथील थडगे १८२७ मध्ये उघडले, तेव्हा शवपेटीत सोन्याचा क्रूस आणि हस्तिदंती फणी मिळाली. पेटीच्या लाकडावर काही पवित्र नावे रूनी लिपीत, तर काही रोमन लिपीत कोरलेली आहेत. शस्त्र एकही नव्हते.